मुदखेडची खारी हवा

दाजी, तुमच्या गाडीच्या डिकीचा तळ शेवटी मी कापला. भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वरून रंग मारला असता तर एका रविवारात काम उरकलं असतं, हे माझं म्हणणं मी अजून मागे घेतलेलं नाही. तरी कापला. तुम्ही पत्र्यावर खडूने आखून ठेवलेली रेघ पुसट झाली होती, पण दिसत होती. तिच्यावरूनच मशीन फिरवलं. कुजका तुकडा खाली पडला तेव्हा त्याचा धड आवाजसुद्धा झाला नाही, नुसता चुरा झाला. तुम्ही असतात तर माझ्याकडे न बघता म्हणाला असतात, बघा मास्तर, ह्याच्यावर लांबी लावणार होता तुम्ही. तुम्ही नव्हतात म्हणून ते मीच स्वतःला म्हणून घेतलं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तुमच्या घरी दिली तेव्हा मी अकरावीत होतो. लग्नात तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो हा, की मांडवाच्या लोखंडी खांबांना रंग कोणी दिलाय. मला वाटलं नवरदेव नव्या मेव्हण्याची थट्टा करतोय. तुम्ही थट्टा करत नव्हतात. खालून प्रायमर न देताच रंग फासला होता आणि तो पोपडे धरून सुटला होता, हे तुम्हाला मुंडावळ्यांतूनही दिसलं होतं. नोकरीभर तुम्ही रेल्वेच्या पुलांचा गंज खरवडून त्यांना रंग देणाऱ्या टोळीत राहिलात. गंज हा शब्द तुमच्या तोंडी क्वचितच यायचा. तुम्ही 'तो' म्हणायचात. तो हितं बसलाय. त्याला आधी उघडा पाडा, मग रंगाचं बघू.

तेराव्याला जमलेल्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं ते सगळं खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. शांत स्वभाव, कुणाच्या अध्यात ना मध्यात, वगैरे. तुम्ही शांत होतात हे मला तरी नवीन होतं. चौतीस वर्षं आपण वाद घातले. त्यातले बरेचसे पूर्ण झाले नाहीत आणि आता एकतर्फी चालवावे लागणार आहेत. हे लिहायचं ते त्यासाठी. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईलच. त्याच्यापाशी यायला मला सात वर्षं लागलीत. आणखी दोन-चार परिच्छेद लागले तर सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही गाडी नांदेडच्या एका गॅरेजात नेलीत. तिथल्या माणसाने डिकीतली चटई उचलली, आत बघितलं, पुन्हा ठेवून दिली आणि गाडी भंगारात घालायचा सल्ला दिला. डिकीच्या तळाला डाव्या बाजूला हात जाईल एवढं भोक होतं आणि तिथून गंज मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत चढला होता. तुम्ही घरी येऊन अक्काला सांगितलंत की त्या माणसाला लोखंड दिसत नाही, नुसती गाडी दिसते. आणि मला लातूरला फोन केलात, की दर दुसऱ्या रविवारी येत चला, घरीच करू. मी लगेच हो म्हणालो. अक्काला माझं फार कौतुक वाटलं. शाळा करून, औशाकडचं शेत बघून, सकाळची बस धरून भाऊ मुदखेडपर्यंत येतो म्हणजे काय. मी का येत होतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

ते रविवार चांगले गेले, हे सांगितलं पाहिजे. अक्का अंगणात नेहमीपेक्षा दाट सडा टाकायची, कारण धूळ बसल्याशिवाय तुम्ही रंगाचा डबा उघडू द्यायचा नाहीत. मग तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जायचात, डोकं तिरकं करून. चांगला पत्रा टणकन बोलायचा, कुजका ठप्प. ठप्प आवाज आला की खडूची खूण. पहिल्या रविवारी एवढ्या खुणा झाल्या की गाडी फळ्यासारखी दिसायला लागली, आणि मी तसं म्हणालो तर तुम्ही म्हणालात, मास्तर, तुम्हाला सगळीकडं फळाच दिसतो.

मग तारेचा ब्रश. मग पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून. माझी बोटं सोलली तेव्हा तुम्ही आपली दाखवलीत. त्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र तुमचा अंगठा घ्यायचं नाही ते त्यामुळेच. त्याचीही तुम्हाला ऐटच होती.

वाद लांबीवरून होता. माझं म्हणणं, गाडी काही पूल नाही, तिच्यावरून आगगाडी जाणार नाही. भोकावर जाळी लावावी, लांबी भरावी, घासून सपाट करावी, रंग मारावा. सगळी गॅरेजं हेच करतात. तुमचं म्हणणं, कुजकं आहे तेवढं सगळं कापायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जायचं आणि नवा तुकडा रिव्हेटने ठोकायचा. "तो आत राहिला तर वरून कितीबी सजवा, मास्तर. तो काय झोपून राहत न्हाई," असं तुम्ही म्हणालात आणि मी एकदम गप्प झालो. तुम्हाला वाटलं मुद्दा पटला.

आता ते दुसरं कारण. सात वर्षांपूर्वी आमच्या घराच्या वास्तुशांतीला तुम्ही दोघं लातूरला चार दिवस राहिला होतात. ऊस खताला आला होता, टेम्पोवाल्याने ऐनवेळी पाठ दाखवली, आणि मी तुमची गाडी मागितली. औशाच्या बाजारात जाऊन येतो, एवढंच म्हणालो. तिथून लाल पोटॅशची दोन पोती डिकीत टाकली. शेतावर उतरवताना एक पोतं जॅकच्या दांड्याला अडकून टरकन फाटलं. मी खराट्याने खडे गोळा केले, जेवढे हाती लागले तेवढे. सांदीत गेलेले निघेनात. म्हणून विहिरीवरच्या मोटारीचा पाइप लावला आणि डिकी पाण्याने स्वच्छ धुतली.

दाजी, पोटॅश म्हणजे मीठच. लोखंडाला हवा, पाणी आणि मीठ मिळालं की काय होतं, हे मी सव्वीस वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवतो. खिळे टाकून, परीक्षानळ्या लावून प्रयोग दाखवतो. आणि मी मीठ पाण्यात विरघळवून तुमच्या डिकीच्या सांध्यासांध्यात नीट मुरवलं, वरून चटई अंथरली आणि गाडी परत आणून दिली. एवढा अडाणीपणा अडाणी माणसाला जमला नसता. तुम्ही धुतलेली गाडी बघून सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, मेव्हणा असावा तर असा.

मी सांगणार होतो. त्या दिवशी घरात पाहुणे होते. नंतर तुम्ही गेलात. दोन महिन्यांनी तुम्ही दोघं माहूरला रेणुकादेवीला गेलात आणि अक्काने दरवर्षीसारखं पाच लिटरच्या कॅनमध्ये तीर्थाचं पाणी आणलं. कॅनचं झाकण सैल होतं, पाणी डिकीत सांडलं. पुढच्या वर्षी चटईखाली पहिला गंज दिसला तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, तुझ्या तीर्थानं डिकी खाल्ली. चिडून नाही, चेष्टेनेच. पण तुमची चेष्टा एकदा सुरू झाली की बंद पडायची नाही. पाहुणा आला, डिकी उघडली, की तीर्थाची गोष्ट निघायची. मीही ती निदान दहा वेळा ऐकली, आणि हसलो. अक्का हसायची नाही. ती माहूरला जात राहिली, तीर्थ आणायचं मात्र तिने सोडलं. मला वाटलं, कॅन वाहायचा कंटाळा आला असेल. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तुम्ही डिकीत अर्धे आत वाकून काम करत होतात. सांध्यातून खरवडलेला लालसर चुरा बोटावर घेतलात, उजेडात धरलात आणि जिभेला लावलात. मी शेजारी पॉलिश पेपर भिजवत होतो. तुम्ही थुंकलात, तोंड पुसलंत आणि माझ्याकडे न बघता विचारलंत,

"मास्तर, मीठ कुठून आलं असंल हो हितं?"

ती वेळ होती. अंगणात आपण दोघंच होतो, अक्का आत भाकरी थापत होती, मला नुसतं तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, लोणच्याची बरणी सांडली असेल कधीतरी. तुम्ही बोट फडक्याला पुसलंत. मग "असंल," म्हणालात आणि माझ्या हातात तारेचा ब्रश दिलात. त्या दिवशी तुम्ही डिकीवर पुन्हा काही बोलला नाहीत आणि मी शिक्षक असूनही त्या शांततेचा अर्थ मला लागला नाही.

शेवटचा रविवार. तुम्ही कापायची रेघ आखलीत, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर नव्या तुकड्याचा साचा कापलात, चाकावरचा सगळा पत्रा पांढरा चकचकीत होईपर्यंत घासून घेतलात. तुमचा एक नियम होता, उघडं केलेलं लोखंड दिवस मावळायच्या आत रेड ऑक्साइडच्या लाल रंगाने झाकायचं. दव पडलं की तो लगेच येतो. पण डबा संपला होता. नवा मी नांदेडहून आणायचा होता आणि बस सुटेल म्हणून मी घाईत तसाच आलो होतो. मुदखेडची दुकानं रविवारची बंद. तुम्ही चार शब्द ऐकवाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या. उद्या मी लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहा घेऊन अंगणातल्या शेडमध्ये गाडीजवळ खुर्ची टाकून बसलात, ते उठला नाहीत. कप सांडलाही नव्हता, असं अक्का सांगते. मी पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि गाडी शेडमध्ये तशीच उभी होती, डिकी उघडी, मागची बाजू सोललेली. माणसं तिला टेकून उभी होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. आंघोळ करून अंगणात बसलो तर माझी नजर चाकावरच्या पत्र्यावर गेली. त्यावर नारिंगी झाक आली होती, बोट फिरवलं तर बोटाला लागत होती. मला दुसरं काही सुचलं नाही. बाजारात जाऊन डबा आणला, ती झाक घासून काढली आणि सगळ्या उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइडचा हात दिला. सुतकाच्या घरात, ओल्या केसांनी, भेटायला आलेल्या माणसांदेखत. तुमच्या चुलत्यांनी नाक मुरडलं, बहिणीच्या घरी असं झालंय आणि ह्याला गाडीचं पडलंय, असं कुणालातरी म्हणाले. ते मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने होतं. अक्काने आतून बघितलं. थोड्या वेळाने तिने ब्रश बुडवायला एका फुटक्या कपात थिनर आणून ठेवलं. तुम्ही कुठला कप वापरता, हे तिला माहीत होतं.

लेक-जावयाचं मत पडलं की गाडी विकून टाकावी, जे येईल ते येईल. अक्का म्हणाली, काम अर्धं टाकायचं नाही, पुरं झाल्यावर बघू. म्हणून मी पुन्हा रविवारचा येऊ लागलो. आणि गेल्या रविवारी तळ कापला.

कुजका पत्रा निघाल्यावर आतली पोकळी दिसली. कोपऱ्यात लाल ढेप चिकटली होती, चिखल, गंज आणि आणखी काहीतरी. मी तुमच्यासारखंच केलं. बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट, आणि मागून कडू. सात वर्षांनंतरही. पायरीवर बसलेल्या अक्काने विचारलं, काय खातोस रे? तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, पोती, फाटलेलं पोतं, पाण्याचा पाइप, लोणच्याची बरणी. उभ्यानेच सांगितलं, हातात मशीन धरून.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी देवीपुढं हात जोडले होते. म्हणलं, माझ्या हातून तुझं पाणी सांडलं, तुला माझ्या हातचं नको असंल, आता न्हाई नेत. अन् तू सात वर्सं गप बसून राहिला."

मी काहीतरी म्हणायला गेलो. ती उठून आत गेली. दुपारी तिने मला ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही. दाजी, तुमच्या जाण्याने मला वाईट वाटलं होतं. त्या ताटावर मला लाज वाटली. या दोन गोष्टी निराळ्या आहेत आणि दुसरी जास्त वेळ राहते.

चारच्या सुमाराला तिने चहा आणला. पायरीवर बसली.

"संक्रांतीला त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला," ती म्हणाली. "म्हणले, तीर्थाचं काई न्हवतं गं. मी उगंच तुला बोलून राहिलो इतकी वर्सं. मी म्हणलं, मग कशानं खाल्ली डिकी? तर म्हणले, खाऱ्या हवेनं."

"मुदखेडात?" मी विचारलं.

"मी बी तेच विचारलं. तर म्हणले, असती कधीकधी."

समुद्र बघायचा तर आपल्याला आख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, दाजी. इथल्या हवेत धूळ असते, मिरचीचा ठसका असतो, मीठ नसतं. आणि हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? स्वतःच्या लग्नात मांडवाच्या खांबाचा रंग ज्याने खपवून घेतला नाही, त्या माणसाने लोखंडाबद्दल आयुष्यात एकदा थाप मारली, आणि तीही इतकी कच्ची. एका वाक्यात तुम्ही अक्काची माफी मागितलीत आणि मला मोकळं सोडलंत. मी विचार करून बघितला, तुम्ही मला स्पष्ट विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मग आठवलं की तुम्ही विचारलं होतंत.

तुमच्या तेराव्यापर्यंत मी रडलो नव्हतो. लोकांना त्याचंही नवल वाटलं असेल. त्या चहाला मात्र रडलो, कपातला चहा पार गार होईपर्यंत. अक्काने रडू दिलं. मग म्हणाली, पुरे, ऊन उतरायला लागलंय, तुझं ते लाल लावायचं राहील. आणि मी उठून कापलेल्या कडांना लाल लावलं, दिवस मावळायच्या आत.

तुमच्यावर थोडा रागही आहे, तो सांगून टाकतो. तुम्ही मला दोन शिव्या द्यायला हव्या होत्या. तेवढा आपला संबंध होता. लांबीवरून, ब्रश की स्प्रे यावरून, चहातल्या आल्यावरून तुम्ही माझ्याशी तासन्‌तास भांडलात, आणि जिथे भांडण माझ्या हक्काचं होतं तिथे ब्रश हातात देऊन गप्प बसलात. ते मला अजून पचलेलं नाही. आणि तेवढ्याचसाठी मी तुमचा ऋणी आहे, हेही आहेच. दोन्ही एकदम कसं असतं, ते विज्ञानाच्या पुस्तकात नाही.

आज काम संपलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून दोन दिवस इथेच राहिलो. तुमच्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून नवा पत्रा कापला, तो नेमका बसला. रिव्हेट बोटभर अंतरावर मारले, दोन वाकडे गेले, ते काढून पुन्हा मारले. आतून-बाहेरून लाल दोनदा. पाणी निघून जायला खालची भोकं मोकळी ठेवली. रिव्हेटच्या डोक्यांवर मात्र मी लांबीचा पातळ हात फिरवला. तुम्हाला आवडणार नाही, पण आता गाडी माझ्या हातात आहे. मग पॉलिश पेपर, प्रायमर, आणि पांढरा रंग, स्प्रेने नाही, ब्रशने. एवढं तुमचं ऐकलं. जवळून बघितलं तर ब्रशचे माग दिसतात.

सकाळी अक्काने सडा टाकला तो अगदी शेडच्या आतपर्यंत. मी शेवटचा हात देत होतो तेव्हा ती माळ्यावरून काहीतरी काढत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो पाच लिटरचा कॅन होता, घासून धुतलेला. वर्षाच्या आत देवाला जायचं नसतं, म्हणाली, पण वर्षश्राद्ध झालं की माहूरला जायचं. गाडी तू चालवायची. मी बरं म्हणालो. तिने कॅन माझ्यापुढे धरला आणि झाकण घट्ट बसतं का बघायला सांगितलं. बसतं. ती तो डिकीत ठेवायला निघाली होती, मी तिला थांबवलं. रंग ओला आहे, म्हणालो. मग तिने तो पायरीवर ठेवला, आता तिथे आणून ठेवलेल्या तुमच्या खुर्चीशेजारी, आणि आत गेली.

डिकी उघडीच ठेवली आहे. हवा चांगली कोरडी आहे, दाजी. संध्याकाळपर्यंत वाळेल.